अंक तिसरा, पान बत्तीस

पालखी देवळात परतली की आमचा पडदा उघडतो,
म्हणजे रात्रीचा एक. कधी दीड.
सावईवेऱ्याच्या जत्रेत नाटक वेळेवर सुरू झालं
असं सांगणारा खोटं तरी बोलतो
किंवा परगावचा असतो.

मी उजव्या विंगेत, उपड्या क्रेटवर.
मांडीवर वही, वहीवर टॉर्च,
काचेला लाल कागद, उजेड बाहेर फुटू नये म्हणून.
एकवीस वर्षं मी सगळ्यांचं बोललो आहे,
राजाचं, दासीचं, विषाचा पेला आणणाऱ्या नोकराचं,
आणि माझा आवाज गावाला ठाऊक नाही.

गुणो मास्तर तालमीत सांगायचे:
नुसती गोष्ट म्हणजे नाटक नव्हे, बाबांनो,
गोष्ट पोस्टमनसुद्धा सांगतो.
एकाला काही हवं असतं, दुसरा वाटेत उभा राहतो,
मग पहिला काय करतो ते बघायला लोक जागतात.
आणि पात्र?
ते मिशीत नसतं, भरजरी कोटात नसतं.
वाक्य संपल्यावर हात कुठे जातो, तिथे असतं.

खरंच होतं ते.
कदंबच्या बसमध्ये सुट्या पैशांवरून भांडणारा रोहिदास
राजा झाला की इतकं हळू बोलायचा
की मागे कुणी चणा फोडला तरी ऐकू यावं.
पंचायतीत टेबलावर मूठ आपटणारा फटू सरपंच
हवालदाराच्या दोन वाक्यांत घामाने मिशी गमवायचा.
आणि वरून झोत टाकणारा कायतान ओरडायचा,
"तोंड वर कर रे, उजेड काय भरवू तुला?"

त्या वर्षी थोरला भाऊ सगुण, धाकटा म्हाबळू.
नाटकात. बाहेरही.
बाहेर नऊ वर्षं अबोला,
कुळागरातल्या पाटाच्या पाण्यावरून:
पाळी कुणाची, सोमवार कुणाचा.
मास्तरांनी मुद्दाम निवडले की माणसं कमी पडली,
विचारलं तर सुपारी कातरत बसले.

अंक तिसरा. मागे रस्त्याचा पडदा,
म्हार्दोळहून भाड्याने आणलेला, त्यातल्या आंब्याला ठिगळ.
म्हाबळू फाटक्या धोतरात, दाराशी.
शिपाई विचारतो: याला ओळखता?
सगुणची ओळ: "हा माझा भाऊ नव्हे."
चार शब्द.

सगुण गप्प.
पायपेटीवाल्याने एक सूर धरला, सोडून दिला.
मी ओळ पुरवली.
त्याने ऐकली. मान जराशी माझ्याकडे कलली, मला दिसली.
पुन्हा पुरवली.
मग थोडी मोठ्याने,
आणि नेमका तेव्हाच जनरेटर दम घेत मंदावला,
आणि "हा माझा भाऊ नव्हे"
माझ्या आवाजात थेट खाज्याच्या दुकानांपर्यंत गेलं.

पहिल्या रांगेत कुणीतरी बाई म्हणाली,
"हो आवाज वळखीचो दिसता."

ओळखीचाच होता.
फोंड्याच्या कोर्टाबाहेर, चिंचेखाली, नऊ वर्षांपूर्वी
आत जाऊन काय बोलायचं
ते सगुणच्या कानाशी मीच सांगितलं होतं.
पाटाचा नकाशा हातात असाच धरला होता, वहीसारखा.
पाण्याकाठचा तुकडा पुढेमागे मला स्वस्तात हवा होता.
हे मी आजवर
कुठल्याच पात्राच्या तोंडी घातलं नाही.

हात कुठे जातो ते बघा, म्हणाले होते मास्तर.
माझा टॉर्चवर गेला.
मी तो विझवला.

अंधारात पुढे जे ऐकलं ते वहीत नव्हतं,
मराठीतही नव्हतं.
भरजरी कोटातून, घरच्या भाषेत, सगुणने विचारलं,
"जेवलो रे?"
म्हाबळूने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
शिपाई झालेला पोरगा
पुढच्या ओळीसाठी माझ्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.
खटला अजून चालू आहे, पुढची तारीख जूनमध्ये.
यंदाही वही माझ्याकडेच आली,
दुसरं कोण बसणार रात्रभर क्रेटवर?
पान बत्तीसला तेलाचा डाग आहे, ओळीखाली लाल रेघ.
तालमीत तिथे आलो की
मला घोटभर पाणी लागतं.